कंट्रोल चमकला, भुरीचा नमुना अंधारात राहिला

माझ्या भुरी या कुत्रीच्या सीरमची, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवाची, स्लाइड मी स्वतःच्या हातांनी तयार केली होती आणि तिच्यावरून चुकीचा निष्कर्षही मीच काढला होता. त्या चुकीमुळे तिच्या उपचारांना जवळजवळ दोन आठवड्यांचा उशीर झाला. तो उशीर मला अजून सलतो. म्हणूनच चूक नेमकी कुठे झाली, आणि माणसांसाठी बनवलेल्या पद्धतीने कुत्र्याच्या रक्तातली स्वयंप्रतिपिंडे, म्हणजे शरीराने स्वतःच्याच पेशींविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडे, शोधायची तर काय काय पडताळावे लागते, हे सविस्तर लिहून ठेवत आहे.

मी माणसांच्या रक्तचाचण्या करणाऱ्या एका प्रयोगशाळेच्या प्रतिरक्षाशास्त्र विभागात काम करते. पेशीच्या केंद्रकाविरुद्धची प्रतिपिंडे शोधणारी एएनए ही चाचणी माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. भुरी तेव्हा सहा वर्षांची होती. आधी ती पुढच्या उजव्या पायाने लंगडू लागली. काटा रुतला असेल म्हणून पंजा तपासला, तर काही सापडले नाही. दोन दिवसांनी तो पाय बरा वाटू लागला आणि मागच्या डाव्या पायाने लंगडणे सुरू झाले. आठवड्याभरात चारही पायांचे सांधे सुजले. सकाळी उठताना ती आधी मान वर करायची, मग पुढचे पाय ताठ करून तशीच थांबायची, आणि मागचा भाग उचलण्याआधी एकदा माझ्याकडे बघायची. ताप ४०.१ अंश सेल्सिअस होता.

आमच्या पशुवैद्य डॉक्टरांनी एकाच सांध्यावर न थांबता चार सांध्यांतले पाणी काढले. निरोगी सांध्यातले पाणी चिकट असते आणि सुईच्या टोकाशी त्याची तार निघते. भुरीच्या सांध्यांतले पाणी मात्र गढूळ होते आणि साध्या पाण्यासारखे थेंबाथेंबाने गळत होते. त्यात न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींची गर्दी होती, जिवाणू नव्हते. लघवीतून प्रथिने जात होती. गोचिडांमुळे होणाऱ्या आजारांच्या चाचण्या निगेटिव्ह आल्या. सांधे आणि मूत्रपिंड एकाच वेळी आजारी पडले आहेत म्हटल्यावर डॉक्टरांनी ल्युपसची, म्हणजे शरीर स्वतःच्याच अनेक अवयवांवर हल्ला करते त्या आजाराची, शंका बोलून दाखवली आणि एएनए पाहायला हवे असे सुचवले. नमुना पशुवैद्यकीय प्रयोगशाळेत पाठवावा लागेल आणि अहवालाला वेळ लागेल, हेही त्यांनी सांगितले. ही चाचणी तर मी रोज करते, मग वाट कशाला पाहायची, असे माझ्या मनात आले. तिथूनच सगळे चुकत गेले.

त्या दिवशीच्या स्लाइडवरचा एक वेल, म्हणजे नमुन्यासाठीचा एक गोल कप्पा, रिकामा राहणार होता. विभागप्रमुखांची परवानगी घेऊन मी भुरीचे सीरम एकास ऐंशी या प्रमाणात पातळ करून त्या वेलमध्ये सोडले. पुढे सगळे नेहमीसारखेच केले: अर्धा तास ओलसर डब्यात ठेवणे, बफरने धुणे, कॉन्ज्युगेट (चमकणारे रंगद्रव्य जोडलेले प्रतिपिंड) घालून पुन्हा अर्धा तास, पुन्हा धुणे, आणि शेवटी थेंबभर माध्यम टाकून वरून काच ठेवणे. अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाखाली पॉझिटिव्ह कंट्रोलची (ही प्रतिपिंडे असल्याचे आधीच ठाऊक असलेल्या सीरमची) केंद्रके हिरव्या सफरचंदासारखी झळकत होती आणि निगेटिव्ह कंट्रोल (ती नसलेले सीरम) काळा होता. भुरीच्या वेलमध्ये एव्हन्स ब्लू या पार्श्वभूमीच्या रंगाच्या लालसर छटेत पेशींच्या आकृती दिसत होत्या, हिरवे असे काही नव्हते. मी वहीत ‘निगेटिव्ह’ असे लिहिले आणि डॉक्टरांना फोन केला. त्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला, ल्युपसचा विचार मागे ठेवला, दडलेल्या संसर्गाचा शोध पुन्हा सुरू केला आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे लांबणीवर टाकली.

बारा दिवसांनी नव्या किटची पेटी उघडताना कॉन्ज्युगेटच्या बाटलीवरचे लेबल डोळ्यांसमोर आले. शेळीत तयार केलेले, मानवी आयजीजीविरुद्धचे, असे त्यावर स्पष्ट छापले होते. आयजीजी हा रक्तातल्या प्रतिपिंडांचा मुख्य प्रकार. तीच ओळ मी याआधी किती वेळा वाचली असेल याची गणती नाही. त्या दिवशी मात्र ‘मानवी’ या शब्दापाशी माझा हात थांबला.

अप्रत्यक्ष प्रतिदीप्तीची ही चाचणी तीन थरांवर उभी असते. खालचा थर काचेवर चिकटवलेल्या पेशींचा. दुसरा थर रुग्णाच्या सीरममधल्या प्रतिपिंडांचा, जी त्या पेशींमधले आपले लक्ष्य शोधून तिथे चिकटतात. पण चिकटली तरी ती डोळ्यांना दिसत नाहीत. तिसरा थर कॉन्ज्युगेटचा. कॉन्ज्युगेट म्हणजे रुग्णाच्या प्रतिपिंडाला ओळखणारे दुसरे प्रतिपिंड, ज्याला फ्लुरोसीन हे चमकणारे रंगद्रव्य जोडलेले असते. हिरवा प्रकाश दिसतो तो या तिसऱ्या थराचा. भुरीची प्रतिपिंडे पेशींना चिकटली असोत वा नसोत, माझ्या बाटलीतले शेळीचे प्रतिपिंड माणसाच्या आयजीजीचा आकार ओळखायला शिकलेले होते. कुत्र्याच्या आयजीजीशी त्याची ओळखच नव्हती.

निरनिराळ्या सस्तन प्राण्यांच्या आयजीजीची घडण बरीच मिळतीजुळती असते, त्यामुळे मानवी आयजीजीविरुद्ध तयार केलेली काही प्रतिपिंडे कुत्र्याच्या आयजीजीलाही थोडीफार चिकटतात. पण अनेक उत्पादक हा परकीय चिकटपणा मुद्दाम काढून टाकतात. इतर प्राण्यांच्या सीरममधली प्रथिने बसवलेल्या स्तंभातून कॉन्ज्युगेट गाळून घेतात, म्हणजे त्या प्रथिनांना चिकटणारी प्रतिपिंडे मागे अडकतात आणि उरलेले मिश्रण मानवी नमुन्यापुरते चोख होते. माणसांच्या चाचणीसाठी हा गुणच आहे. कुत्र्याच्या नमुन्यासाठी मात्र असे चोख कॉन्ज्युगेट जवळजवळ आंधळे असते. आणि थोडा चिकटपणा शिल्लक असला तरी धोका टळत नाही, कारण मग जोरदार पॉझिटिव्ह नमुनाही अंधूक दिसतो आणि अंधूक नमुना निगेटिव्ह किंवा ‘क्षुल्लक’ म्हणून सोडून दिला जातो.

मला सर्वांत जास्त अस्वस्थ केले ते कंट्रोलने. वर्षानुवर्षे आम्हाला शिकवले जाते की पॉझिटिव्ह कंट्रोल चमकला आणि निगेटिव्ह कंट्रोल काळा राहिला की त्या दिवशीची चाचणी ग्राह्य धरावी. माझे दोन्ही कंट्रोल अगदी निर्दोष होते. पण किटमधला कंट्रोल हा माणसाच्या सीरमचा असतो. तो चमकला याचा अर्थ एवढाच, की मानवी प्रतिपिंड पेशीला चिकटले आणि मानवी प्रतिपिंड ओळखणाऱ्या कॉन्ज्युगेटने ते दाखवून दिले. कुत्र्याचे प्रतिपिंड त्याच वाटेने दिसेल की नाही, याबद्दल तो कंट्रोल काहीही सांगत नाही. जिथे चूक होती नेमकी ती जागा त्याने तपासलीच नव्हती, आणि तरीही त्याच्या हिरव्या उजेडाने मला खात्री दिली. ज्या कुत्र्याच्या सीरममध्ये ही प्रतिपिंडे आहेत हे आधीच ठाऊक आहे असे सीरम आणि निरोगी कुत्र्याचे सीरम, हे दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय कुत्र्याच्या नमुन्याबद्दल काही बोलण्याचा अधिकार मला नव्हता. यात एक उलटी गोष्टही आहे. योग्य, म्हणजे कुत्र्याच्या आयजीजीविरुद्धचे कॉन्ज्युगेट वापरले की किटमधला मानवी कंट्रोल चमकेलच असे नाही, आणि हे माहीत नसलेला माणूस बरोबर चाललेली चाचणी बिघडली असे समजून फेकून देईल.

दुसऱ्याच दिवशी भुरीचा नमुना पशुवैद्यकीय प्रयोगशाळेत गेला. तिथे वापरलेल्या पेशी माझ्याकडच्यासारख्याच होत्या, हेप-२ या मानवी पेशी. बदल फक्त तिसऱ्या थराचा होता. अहवाल आला तो एकास आठशे इतके पातळ करेपर्यंत पॉझिटिव्ह, एकसंध नमुना (म्हणजे अख्खे केंद्रक सारखेच चमकण्याची धाटणी) असा.

मानवी पेशींवर कुत्र्याचे प्रतिपिंड कसे काय चिकटते, असा प्रश्न कोणालाही पडेल. केंद्रकातली अनेक प्रथिने, विशेषतः डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो ती हिस्टोन प्रथिने, उत्क्रांतीच्या ओघात फारच कमी बदलली आहेत. त्यामुळे कुत्र्याचे हिस्टोन ओळखणारे प्रतिपिंड माणसाचे हिस्टोनही ओळखते. पूर्वी याच चाचणीसाठी उंदराच्या यकृताचे पातळ काप वापरत असत आणि माणसाची व कुत्र्याची, दोघांचीही प्रतिपिंडे त्यांवर दिसत. हेप-२ पेशींची केंद्रके मोठी असतात आणि त्यांच्यात विभाजनाच्या अवस्थेतल्या पेशीही पुष्कळ सापडतात, म्हणून चमकण्याचा नमुना ओळखणे सोपे जाते. (या पेशी स्वरयंत्राच्या कर्करोगातून आल्या असे मूळ नोंदीत असले, तरी त्या प्रत्यक्षात हेला पेशी आहेत हे पुढे जनुकीय तपासणीत स्पष्ट झाले. म्हणजे १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या स्त्रीच्या शरीरातून काढलेल्या पेशींवर आज कुत्र्यांच्या आजारांचेही निदान होते. हे मला प्रत्येक वेळी जाणवते आणि स्लाइड हातात घेताना थोडे थांबायला होते.)

कुत्र्यांमधला ल्युपस हा काही नवा शोध नाही. माणसांच्या ल्युपसमधली एलई पेशी (दुसऱ्या पेशीचे केंद्रक गिळलेली पांढरी पेशी) १९४८ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये हारग्रेव्ह्ज, रिचमंड आणि मॉर्टन यांनी वर्णन केली, आणि १९६५ साली लुईस, श्वार्ट्झ व हेन्री यांनी कुत्र्यांमधल्या तशाच आजाराचे वर्णन प्रसिद्ध केले. त्या काळापासून कुत्र्यांसाठीच्या चाचण्या माणसांच्या चाचण्यांच्या मागोमागच आल्या आहेत. पद्धत उसनी घ्यावी, यात गैर काही नाही. तिचा कोणता भाग उसना चालतो आणि कोणता नाही, हे प्रत्येक आजारासाठी वेगळे तपासावे लागते, आणि एएनएच्या बाबतीत खालचा थर चालतो व वरचा चालत नाही, इतके ते सोपे नेहमी नसते.

काही आजारांत खालचा थरच बदलतो. पेम्फिगस फोलिएशस या त्वचेच्या आजारात शरीर त्वचेच्या पेशींना एकमेकींशी जोडून ठेवणाऱ्या प्रथिनांवर हल्ला करते; पेशी सुट्या होतात, पुळ्या येतात आणि त्यांच्या खपल्या धरतात. हा आजार माणसांना होतो तसा कुत्र्यांनाही होतो, आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्वचेचे तुकडे इतके सारखे दिसतात की कारणही एकच असेल असे वाटावे. माणसांत या हल्ल्याचे लक्ष्य डेस्मोग्लीन-१ हे प्रथिन असते आणि मानवी किटमध्ये तेच लावलेले असते. कुत्र्यांत मात्र बहुतेक वेळा लक्ष्य असते ते डेस्मोकोलिन-१, हे २०१२ साली दाखवले गेले. म्हणजे मानवी डेस्मोग्लीन-१ लावलेली एलायझा या प्रतिपिंड-चाचणीची प्लेट घेऊन, कॉन्ज्युगेट अगदी कुत्र्याचे वापरले, कंट्रोलही कुत्र्याचे ठेवले, तरी बहुसंख्य आजारी कुत्री निगेटिव्हच ठरतील. तिसरा थर सुधारून इथे भागत नाही. शोध ज्याचा घ्यायचा तेच प्रथिन प्लेटवर नसते.

कधी प्रथिन तेच असते, पण ते त्याच प्राण्याचे असावे लागते. मायस्थेनिया ग्रॅव्हिस या आजारात स्नायूंवरच्या ॲसिटिलकोलीन रिसेप्टरविरुद्ध, म्हणजे मज्जातंतूचा संदेश झेलणाऱ्या प्रथिनाविरुद्ध, प्रतिपिंडे तयार होतात आणि मज्जातंतूचा संदेश स्नायूपर्यंत नीट पोचत नाही. कुत्र्याच्या अन्ननलिकेत शेवटपर्यंत ऐच्छिक प्रकारचेच स्नायू असतात, माणसाच्या अन्ननलिकेचा खालचा भाग तसा नसतो. त्यामुळे या आजारात कुत्र्याची अन्ननलिका ढिली पडून फुगणे फार वेळा दिसते. खाल्लेले अन्न न पचता तसेच बाहेर येते आणि श्वासनलिकेत गेले तर न्यूमोनिया होतो. निदानासाठी रिसेप्टरला मण्यार वर्गातल्या सापाच्या विषातले बंगारोटॉक्सिन किरणोत्सारी आयोडीन लावून जोडतात आणि रुग्णाच्या प्रतिपिंडाने त्यातले किती ओढून घेतले ते मोजतात. हे तंत्र माणसांसाठीच विकसित झाले. पण रिसेप्टर ओळखणाऱ्या या प्रतिपिंडांची ओढ बरीचशी आपल्याच प्राण्याच्या रिसेप्टरकडे असते, म्हणून कुत्र्यासाठी रिसेप्टर कुत्र्याच्या स्नायूंतून घेतात. तिथे लिटरमागे ०.६ नॅनोमोलपेक्षा जास्त मूल्य आले की निदान पक्के मानतात. मानवी रिसेप्टर वापरून आलेला कमी आकडा पाहून ‘मायस्थेनिया नाही’ असे म्हणणे म्हणजे एका कुत्र्याला न्यूमोनियाच्या दारात सोडून देणे होय, इतके मी आता ठामपणे म्हणू शकते.

आणि एका आजारासाठी तर मानवी चाचण्यांच्या यादीत जागाच नाही. कुत्र्याच्या जबड्याच्या स्नायूंत २एम नावाचे खास तंतू असतात. माणसाच्या जबड्यात ते नसतात. या तंतूंविरुद्ध प्रतिपिंडे तयार झाली की फक्त चावण्याचे स्नायू सुजतात, पुढे झिजतात, आणि कुत्र्याला तोंड उघडता येईनासे होते. भूल दिल्यावरही जबडा उघडत नाही, हे या आजाराचे ओळखीचे लक्षण आहे. मानवी स्नायुदाहाची प्रतिपिंडे शोधणारी पट्टी कितीही लांब असली तरी तिच्यावर २एम सापडणार नाही.

उलट बाजूची उदाहरणेही तितकीच खरी आहेत, आणि ती सांगितली नाहीत तर मानवी पद्धतींवर अन्याय होईल. बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयातला क्नुट हा ध्रुवीय अस्वल मार्च २०११मध्ये झटका येऊन पाण्यात पडला आणि बुडून मेला. मेंदूला सूज होती एवढे कळले, पण कोणताही जंतू सापडला नाही. २०१५ साली त्याच्या मेंदूतल्या साठवून ठेवलेल्या पाण्यात एनएमडीए रिसेप्टर या मेंदूतल्या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे मोठ्या प्रमाणात असल्याचे प्रसिद्ध झाले. माणसांत हा आजार २००७ साली दालमाऊ या मज्जासंस्थातज्ज्ञांच्या गटाने ओळखला होता आणि तो शोधण्याच्या रीती तोवर मानवी प्रयोगशाळांत रुळल्या होत्या. मेंदूतले हे प्रथिन प्राण्याप्राण्यांत फारसे बदललेले नसल्यामुळे या रीती अस्वलापर्यंत पोचू शकल्या. झटके येणाऱ्या काही मांजरांतही मानवी मेंदूदाहातल्या पोटॅशियम चॅनलशी निगडित प्रतिपिंडांसारखी प्रतिपिंडे २०१३ साली अशाच मार्गाने सापडली.

कुत्र्यांच्या ल्युपससदृश आजाराच्या अभ्यासात स्वीडनमधल्या संशोधकांचे काम मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. नोव्हा स्कॉशिया डक टोलिंग रिट्रीव्हर या जातीत हा आजार वारंवार दिसतो. तिथल्या कामातून केंद्रक चमकण्याच्या दोन नमुन्यांमधला फरक पुढे आला. एकसंध नमुना असलेल्या कुत्र्यांत एकाहून अधिक अवयव आजारी असण्याची शक्यता जास्त आणि ठिपकेदार नमुना असलेल्या कुत्र्यांत आजार बहुधा सांधे-स्नायूंपुरता, असे चित्र दिसले. भुरीचा नमुना एकसंध होता आणि सांध्यांबरोबर तिची मूत्रपिंडेही आजारी होती, म्हणून हा भाग मी पुन्हा पुन्हा वाचला. पुढे या संशोधकांनी माणसांसाठी बनवलेली, एकेका प्रतिजनाची (प्रतिपिंड ज्याला चिकटते त्या लक्ष्याची) रेघ असलेली तपासणीची पट्टीही कुत्र्यांच्या सीरमवर वापरून पाहिली. मानवी ल्युपसमधले ओळखीचे प्रतिजन तिच्यावर असतात, पण कुत्र्यांची प्रतिपिंडे त्यांपलीकडेही काहीतरी ओळखत असतील ही शक्यता उरतेच. मग हजारो मानवी प्रथिने बसवलेल्या प्रथिनसंचावर कुत्र्यांचे सीरम टाकून पाहिले गेले आणि २०१८ साली आयएलएफ-२ व आयएलएफ-३ ही प्रथिने कुत्र्यांमधली नवी लक्ष्ये म्हणून प्रसिद्ध झाली. ही प्रतिपिंडे असलेल्या कुत्र्यांत नमुना बहुधा ठिपकेदार होता. मानवी साधन इथे उसनेच घेतले होते. पण उत्तर आधीच ठरवून नव्हे, तर हजारो शक्यता मोकळ्या ठेवून घेतले होते, आणि सापडलेले उत्तर नंतर दुसऱ्या कुत्र्यांच्या नमुन्यांवर पुन्हा तपासले गेले.

तांबड्या पेशींना चिकटलेली प्रतिपिंडे शोधणाऱ्या कूम्ब्स चाचणीबद्दल थोडक्यात. कूम्ब्स, मोरंट आणि रेस यांनी १९४५ साली दिलेल्या या चाचणीचे तत्त्व कुत्र्यासाठी जसेच्या तसे लागू पडते, अभिकर्मक, म्हणजे चाचणीचे द्रावण, मात्र कुत्र्यासाठीचे लागते. मानवी रक्तपेढीतल्या बाटलीने कुत्र्याच्या तांबड्या पेशी तपासू नयेत. कुत्र्याच्या रक्तात गोळा झालेल्या पेशी खऱ्या प्रतिपिंडामुळे चिकटल्या आहेत की नाण्यांच्या चवडीसारख्या नुसत्या रचल्या गेल्या आहेत, हे सलाइन घालून आणि पेशी धुऊन आधी पाहतात. धुतल्यावरही गोळे राहिले तर त्याला अर्थ असतो.

कॉन्ज्युगेटच्या अडचणीवर एक तोडगा म्हणून स्टॅफिलोकॉकस जिवाणूपासून मिळणारे प्रोटीन ए वापरले जाते, कारण ते माणूस आणि कुत्रा या दोघांच्याही आयजीजीला घट्ट धरते, आणि मग एकाच प्लेटवर दोन्ही कंट्रोल चालू शकतात. मला हा मार्ग आवडतो, पण तो निर्धोक नाही. माणसाच्या आयजीजीचे चार उपवर्ग आहेत आणि त्यांतल्या तिसऱ्याला प्रोटीन ए नीट धरत नाही. कुत्र्याच्या आयजीजीचेही चार उपवर्ग आहेत. रुग्णाची प्रतिपिंडे कोणत्या उपवर्गातली आहेत हे आपण आधी ठरवू शकत नाही, म्हणून एकाच धरणाऱ्यावर विसंबणे योग्य नव्हे.

एवढे सगळे जुळले तरी आकड्याचा प्रश्न उरतो. माणसांच्या एएनएबद्दल १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात निरोगी माणसांपैकी सुमारे ३२ टक्के लोक एकास चाळीसला, १३ टक्के एकास ऐंशीला आणि ५ टक्के एकास एकशेसाठला पॉझिटिव्ह आले होते. म्हणजे मानवी सीमारेषादेखील निरोगी माणसांची मोजणी करून, त्यांतल्या किती जणांना चुकीने आजारी म्हणायची आपली तयारी आहे हे ठरवून आखलेली असते. २०१९च्या मानवी वर्गीकरणात ल्युपसचा विचार करण्यासाठी किमान एकास ऐंशी ही अट घातली आहे. ती रेषा उचलून कुत्र्यांवर बसवता येत नाही. पेशी तयार करण्याची रीत, कॉन्ज्युगेटची तीव्रता, सूक्ष्मदर्शकाचा दिवा, यांतले काहीही बदलले की टायटर, म्हणजे सीरम किती पातळ करेपर्यंत चाचणी पॉझिटिव्ह राहते तो आकडा, बदलतो, म्हणून प्रत्येक प्रयोगशाळेने आपल्याच पद्धतीने निरोगी कुत्र्यांचे नमुने तपासून आपली रेषा आखणे भाग असते. शिवाय लीशमॅनिया, एर्लिकिया, बार्टोनेला यांसारख्या संसर्गांतही कुत्र्यांत एएनए पॉझिटिव्ह येऊ शकते. अशा कुत्र्याला ल्युपस समजून प्रतिकारशक्ती दाबणारे औषध दिले, तर संसर्गाला मोकळे रान मिळते. भुरीच्या डॉक्टरांनी गोचिडांच्या आजारांच्या चाचण्या आधी केल्या त्या यासाठीच, हे मला तेव्हा नीट उमगले नव्हते.

प्रतिपिंडे दुसऱ्या चाचण्यांतही ढवळाढवळ करतात, हे पाळीव कुत्र्यांच्या थायरॉइडच्या अहवालांत दिसते. थायरॉइडला सूज असलेल्या काही कुत्र्यांत थेट टी-४ या संप्रेरकाविरुद्धच प्रतिपिंडे तयार होतात, आणि प्रतिपिंडांवर चालणाऱ्या नेहमीच्या टी-४ चाचणीत ती मोजणीच्या आड येतात. बहुतेक पद्धतींत यामुळे आकडा खोटा वाढतो, आणि ज्या कुत्र्याची ग्रंथी खरे तर मरत चालली आहे त्याचा अहवाल सामान्य किंवा जास्तच दिसतो. अशा वेळी डायलिसिसच्या पडद्यातून आधी मुक्त टी-४ वेगळे करून मग मोजतात, म्हणजे आकाराने मोठी असलेली प्रतिपिंडे पडद्याच्या अलीकडेच राहतात. सोबत कुत्र्याच्याच थायरोग्लोब्युलिन या थायरॉइडमधल्या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडेही पाहतात.

माझ्यासारखे अनेक जण मानवी प्रयोगशाळांत काम करतात, घरी त्यांचा कुत्रा असतो, आणि ‘एक वेल रिकामा आहे, टाकून बघू’ हा मोह खरा असतो. ज्यांना असा अहवाल हातात मिळाला आहे त्यांनी प्रयोगशाळेला विचारावे की कॉन्ज्युगेट कोणत्या प्राण्याच्या आयजीजीविरुद्धचे होते, पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह कंट्रोल कुत्र्याचे होते का, आणि अहवालावर छापलेली सीमारेषा कुत्र्यांच्या नमुन्यांवरून आखली आहे की माणसांच्या. या प्रश्नांना सरळ उत्तर मिळाले नाही तर तो निगेटिव्ह अहवाल बाजूला ठेवावा. पॉझिटिव्ह अहवालही लगेच मानू नये, कारण पेशींना वाटेल तिथे चिकटणारे सीरमही हिरवा उजेड दाखवते आणि तो ओळखायला निरोगी कुत्र्याचा नमुना शेजारीच असावा लागतो.

भुरीला प्रेडनिसोलोन हे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध सुरू झाले तेव्हा चौथ्या दिवशी ती न थांबता उठली. मागचा भाग उचलताना तिने माझ्याकडे पाहिले नाही, सरळ दाराकडे गेली. लघवीतली प्रथिने कमी व्हायला काही महिने लागले आणि औषधाची मात्रा डॉक्टरांनी फार सावकाश उतरवली. आजार वर-खाली होत आहे का हे ते सांधे, लघवी आणि रक्तपेशी पाहून ठरवतात; टायटर पुन्हा पुन्हा मोजण्याचा आग्रह त्यांनी धरला नाही, मीही धरला नाही.

पशुवैद्यकीय प्रयोगशाळेने नंतर आमच्या संमतीने भुरीचे थोडे सीरम ठेवून घेतले. उपचार सुरू होण्याआधी काढलेल्या त्या नमुन्याच्या छोट्या नळ्या करून उणे वीस अंशाच्या फ्रीजरमध्ये ठेवल्या आहेत, आणि कुत्र्यांच्या एएनएच्या प्रत्येक स्लाइडवर पॉझिटिव्ह कंट्रोलच्या वेलमध्ये त्यांतलाच थेंब जातो. आमच्या विभागाच्या नोंदवहीत नमुना क्रमांकाच्या शेजारी मी एक नवा रकाना आखून घेतला आहे. त्यात प्राणी कोणता हे लिहिल्याशिवाय नमुना पुढे सरकत नाही.